मेल वाचला का?

किस्से पेरावे लागत नाहीत. गाजर गवतासारखे ते बांधावर आपोआप उगवतात, आणि एक उपटावा तर त्याच्या मुळाशी दुसरा निघतो. आमच्या ऑफिसात तर बारा महिने तेच पीक आहे. मागे एक पाहुणे चहाला बसले होते, ऐकून ऐकून दमले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं काम कधी होतं?" मी म्हटलं, किस्से संपले की.

पण मोबाईलचे किस्से वेगळे. ते एकाच हंगामात झाले आणि एकाच नियमापायी झाले. त्यातल्या दोनांत मी स्वतः तोंडावर पडले आहे. तेही सांगणार आहे, कारण दुसऱ्याचं हसून सांगायचं आणि आपलं झाकून ठेवायचं ही पद्धत मला पसंत नाही.

आमची कंपनी बियाण्याची. हेड ऑफिस जालन्याला, आम्ही मंठ्याची ब्रँच. ब्रँच म्हणजे चार माणसं. जाधव साहेब मॅनेजर. इम्रानभाई आणि धोंडीराम अण्णा हे दोन सुपरवायझर, दिवसभर शेतकऱ्यांच्या प्लॉटवर. आणि मी वंदना, दिवसभर खुर्चीवर.

कपाशीचं संकरित बी करायचं तर शेतात नर झाडं वेगळी लावतात, मादी वेगळी. मग नराचं फूल हातानं मादीच्या फुलाला लावायचं. याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. नर-मादी हे शब्द मात्र कुणी उच्चारत नाही. बायामाणसांसमोर बरं वाटत नाही म्हणून असेल, पण साठी ओलांडलेला शेतकरीसुद्धा 'मेल' आणि 'फिमेल' असंच म्हणतो. "औंदा मेल जोरात हाय" असं आजोबा सांगतात, आणि त्यांचं इंग्रजी तिथंच संपतं.

दुसरा मेल हेड ऑफिसातून येतो. हे तेवढं लक्षात ठेवा.

*

त्या वर्षी हेड ऑफिसला क्वालिटीच्या नव्या मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात पत्र काढलं. तोंडी सूचना बंद, फोनवरचं सांगणं-ऐकणं बंद, सगळं मेलवर. प्रत्येकानं पोळ्याच्या आत आपापलं साधन निवडायचं. मोबाईल घ्या, टॅब घ्या, काहीही घ्या, पण शेतात उभं राहून मेल वाचता आला पाहिजे आणि त्याच दिवशी उत्तर देता आलं पाहिजे. खर्च कंपनीचा, ठरावीक रकमेपर्यंत. ज्या सुपरवायझरला जमणार नाही त्याला गोडाऊनची ड्युटी, आणि त्याचे प्लॉट दुसऱ्याच्या हवाली.

पत्रात नाव कुणाचंच नव्हतं, पण ते कुणासाठी आहे हे आम्हा चौघांनाही कळलं.

अण्णांकडे बटणाचा फोन होता. बावीस वर्षं नोकरी, पस्तीस शेतकऱ्यांचे प्लॉट, आणि कुठल्या शेताच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं हे तोंडपाठ. त्यांचा मेल मीच उघडायचे, मीच वाचून दाखवायचे आणि त्यांच्या नावानं उत्तरही मीच द्यायचे. मॅडमनी तेही बंद केलं. ज्याचा मेल त्यानंच बघायचा.

अण्णांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. अजूनही वीस-पंचवीस आहेत. चार भिंतींत त्यांना फार वेळ बसवत नाही, पगाराच्या दिवशीसुद्धा ते ऑफिसच्या दारात उभ्या उभ्या सही करतात.

"गोडाऊनमधी मी न्हाई जगायचो, माय," ते मला म्हणाले. "तिथं वर पत्रा हाय."

मला त्या दुपारी डबा गेला नाही.

*

जाधव साहेबांनी नियम लागू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अण्णांना फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून मी साक्षीदार आहे.

"अण्णा, मेल बघितला का?"

"आत्ता त्येच्यापाशीच उभा हाय साहेब."

"कसा वाटतो?"

"कंबरेला लागून राह्यलाय."

साहेब फोनच्या आणखी जवळ सरकले. मग सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "पूर्ण वाचला का?"

"पूर्ण कसा वाचंल? कडंचे चार-दोन गेले. बाकी समदा वाचला. परवा पाणी देल्तं म्हून वाचला, न्हाईतर अवघड होतं."

"अण्णा, मी जालन्याच्या मेलचं विचारतोय!"

"जालन्याचाच हाय साहेब," अण्णा जरा दुखावल्या आवाजात म्हणाले. "बावीस वरसात मी कुण्या शेतकऱ्याला घरचं बी टाकू देलं न्हाई."

*

साधन निवडण्यात पहिला नंबर साहेबांचा. त्यांनी कंपनीच्या पैशात आपले पैसे घातले आणि कडेनं वळलेल्या काचेचा मोबाईल आणला. ऑफिसात त्याचा झगमगाट बघत राहावा असा होता. साहेब तो टेबलावर ठेवायचे ते खाली रुमाल अंथरून.

शेतात गेल्यावर त्या काचेत साहेबांना फक्त साहेब दिसायला लागले. आमच्याकडचं ऊन, त्यात कपाशीच्या शेतात झाड नाही. त्यांनी हाताचा आडोसा केला, टोपीचा केला, पाठ फिरवून बघितली. शेवटी शर्टाची वरची दोन बटणं काढली, मोबाईल छातीशी धरला आणि शर्टातच डोकं घातलं. आत अंधार, मेल स्वच्छ दिसला. मेल होता वाईट, मॅडमनी झापलं होतं, त्यामुळे वाचता वाचता साहेबांचे खांदे वरखाली व्हायला लागले.

निंदायला आलेल्या बाया हातातलं काम सोडून बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, पाणी प्या. घरी समदं बराबर हाय ना?"

साहेबांनी शर्टातूनच सांगितलं, "बराबर आहे, मावशी. ऑफिसचं आहे."

"मंग रडू नका," म्हातारी म्हणाली. "आपिस काय, दुसरं भेटतं."

*

इम्रानभाईंनी टॅब घेतला. त्यांचं म्हणणं, त्याच पैशात दुप्पट काच मिळत असेल तर एकेरी का घ्यायची? टॅब खिशात मावत नाही, म्हणून भाभींनी जुन्या सतरंजीची पिशवी शिवून दिली. ती गळ्यात घालून इम्रानभाई मोटरसायकलवर निघाले की टपाल निघाल्यासारखं वाटायचं.

एका गावात ते पारावर बसले, पिशवीतून टॅब काढला आणि मेल उघडायला लागले. आठवडाभर आधी पाऊस झोडपून गेलेला. गावानं टॅब बघितला आणि गावाला जे समजायचं ते समजलं.

"साहेब, नुकसानीचं ना? आमचं बी नाव घ्या."

इम्रानभाई म्हणाले, भाऊ, मी बियाण्याच्या कंपनीचा माणूस आहे. लोक म्हणाले, मागल्या वेळचे साहेब पण आधी असंच म्हणाले होते. एकानं चहा आणला, एकानं सातबारा आणला, एकानं पडलेली भिंत बघायला चला म्हणून दंड धरला. इम्रानभाईंचा स्वभाव असा की कुणाला नाही म्हणणं जिवावर येतं.

संध्याकाळी ते ऑफिसात आले ते दमून. साहेबांनी विचारलं, "मेल वाचला?"

इम्रानभाईंनी पिशवीतून वहीची चार पानं काढून टेबलावर ठेवली. "मेल वाचायचा राह्यला, साहेब. पर गावाची यादी बिलकुल मुकम्मल झाली."

साहेबांनी ती यादी तलाठ्याकडे पाठवून दिली. तलाठी म्हणाले, इतकी नीट यादी त्यांनी आजवर बघितली नव्हती.

*

आता माझं. मी ऐटीत पर्समध्ये मावेल असा छोटा मोबाईल घेतला. साधन कसं माणसाला शोभेल असं हवं, असं मी सगळ्यांना सांगत फिरत होते.

एकदा परतूरहून एसटीनं येताना हेड ऑफिसच्या डिस्पॅचचा मेल आला, बियाणं मिळालं का? माल सकाळीच उतरवून घेतला होता. म्हटलं, दाखवूनच द्यावं यांना, गाडीत बसल्या बसल्या उत्तर कसं देतात ते. रस्ता आमचाच, गाडी उडत होती. मी इंग्रजी अक्षरं दाबत होते आणि मोबाईल आपल्या मतानं त्याचं मराठी करत होता. न बघता पाठवलं.

ऑफिसात येऊन बघते तर माझा मेल असा गेलेला, साहेबांना प्रत देऊन: "आपले बहाणे सुस्थितीत पोहोचले. मोजून गोडाऊनमध्ये ठेवले आहेत."

डिस्पॅचवाल्या माणसाचं उत्तर पाच मिनिटांत आलं होतं: "आमच्याकडे अजून भरपूर आहेत. उद्याच्या गाडीने पाठवतो."

*

पोळा आठ दिवसांवर आला तरी अण्णांनी काहीच घेतलेलं नव्हतं. शेवटी साहेबांनी मला त्यांच्यासोबत मोबाईल शॉपीत पाठवलं.

अण्णा दुकानात शिरले ते बाजारात जनावर बघायला शिरावं तसे. आधी सगळ्यांवरून एकदा नजर. मग एक उचलला आणि थेट दुकानाबाहेर चालू पडले. दुकानदार ओरडत मागे धावला. अण्णा भर उन्हात रस्त्याच्या मधोमध उभे राहून काचेकडे बघत होते. "ह्यो न्हाई," म्हणून परत दिला.

दुकानदारानं कॅमेरा दाखवायला सुरुवात केली. अण्णा म्हणाले, "फोटू न्हाई काढायचे. पत्र वाचायचं हाय." मग त्यांनी बोटं पाण्यात बुडवून काच चालते का बघितलं. दुकानदारानं डोळे मिटून घेतले.

खरी परीक्षा त्यानंतर झाली. अण्णांच्या बंडीला आतून एक खिसा आहे. त्यात मोबाईल ठेवायचा आणि कपाशीच्या झाडावर वाकावं तसं खाली वाकायचं. पहिला घसरला, मी झेलला. दुसरा घसरला, दुकानदारानं झेलला.

"दिसाला पाचशे येळा वाकावं लागतं," अण्णा त्याला समजावून सांगत होते. "वाकल्यावर पडतो त्यो आपल्या कामाचा न्हाई."

शेवटी खालच्या कप्प्यातून एक निघाला. जाड, काळा, चारी कोपऱ्यांना रबर, कपडे धुवायच्या साबणाएवढा. उन्हात दिसला. ओल्या बोटानं चालला. बंडीत ठेवून अण्णा वाकले, तर जागचा हलला नाही. चार्जिंग तीन दिवस टिकतं म्हणाला दुकानदार, पण त्याला स्वतःलाच तो विकायची लाज वाटत होती.

"अण्णा, जुना माल आहे. हा कुणीच घेत नाही हो."

अण्णांनी तो हातात तोलून बघितला. "मला बी कुणी घ्यायला तयार न्हवतं," ते म्हणाले. "बावीस वरसं टिकलो."

अण्णांना जवळचं नीट दिसत नाही, पण चष्मा लावायचा नाही हा हट्ट. म्हणून मी अक्षरं होती तेवढी मोठी करून दिली. काचेवर एका वेळी चार-पाच शब्द मावायचे. एक मेल वाचायचा तर पंधरा-वीस वेळा बोट सरकवावं लागे, आणि अण्णा मोठ्यानं वाचत. साहेब म्हणाले, "यांचा एक मेल वाचून होईपर्यंत कापूस वेचायला येईल."

आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

*

पासवर्डचं सांगायचं राहिलं. मी बजावलं होतं की अण्णा, हा कुणालाही सांगायचा नाही. त्यांनी मान डोलवली.

चार दिवसांनी एका शेतकऱ्याचा फोन आला, "ताई, अण्णांनी इचारायला लावलं, पासवर्डातलं पहिलं अक्षर मोठं हाय का बारकं?"

मी अण्णांना रागावले. ते शांतपणे म्हणाले, "पस्तीस जणांला सांगून ठिवलाय. मी इसरलो तर कुणाला तरी ठावं पाह्यजे का न्हाई?"

म्हणून मी नवा करून दिला. तेव्हा मोबाईलनं सुरक्षेसाठी प्रश्न विचारला, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? मी तो वाचून दाखवला. अण्णा बोटांवर मोजायला लागले.

"माय, पहिल्या कळपात सत्तर होती. कोण्या एकीचं नाव सांगू? बाकीच्यांनी काय केलं?"

*

टाईप करणं अण्णांना जमेना, म्हणून बोलून लिहायची सोय शिकवली. पहिला अहवाल त्यांनी घरून पाठवला, अंगणात मेंढरं राखत बसून. मोबाईलचे कान त्यांच्या कानांहून तिखट निघाले. मॅडमना गेलेला मेल माझ्याकडे अजून आहे:

"आदरणीय मॅडम सप्रेम नमस्कार सहा नंबरच्या प्लॉटमध्ये हाड हाड कुठं शिरली मेली वळ माघारी आता देईन एक फेकून फूल चांगले आहे आपला धोंडीराम."

मॅडमचं उत्तर संध्याकाळी आलं, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. असा मेल पुन्हा आला, किंवा एकाही मेलला त्याच दिवशी उत्तर आलं नाही, तर अण्णांची बदली गोडाऊनला. तारीख तेवढी घालायची बाकी होती.

अण्णांनी तो मेल ऑफिसच्या दारात उभं राहून वाचला. मोठ्यानं, बोट सरकवत, शेवटच्या शब्दापर्यंत. आम्ही तिघं आत खाली मान घालून बसलो होतो. वाचून झाल्यावर मोबाईल बंडीत ठेवला आणि म्हणाले, "बाईचं बराबर हाय. चूक माझी हाय." आणि गेले.

इम्रानभाई उठून खिडकीशी उभे राहिले. "आपा," मला म्हणाले, "अण्णांचे प्लॉट मला देले तर मी काय तोंडानं त्या शेतात जाऊ?"

*

आता शेवटचा. पोळ्यानंतरची गोष्ट, क्रॉसिंगला आठवडा झालेला.

सकाळी नवाला मॅडमचा मेल आला. लॉट नंबर १७ चा मेल भेसळीचा निघाला आहे, सर्व प्लॉटमधला उपटून नष्ट करावा, आजच. आमच्या तालुक्यातला झाडून सगळा मेल लॉट १७ चाच होता. मेल उपटला म्हणजे फूल नाही, फूल नाही म्हणजे बी नाही, शेतकऱ्यांचा हंगाम तिथंच बसला.

साहेबांनी अण्णांना फोन लावला. अण्णा त्यांना म्हणाले, "साहेब, मेल उपटला तर उरलेल्या शेताचं काय करावं माणसानं?" साहेब म्हणाले, लेखी आदेश आहे, अण्णा. तुमच्यावर आधीच नजर आहे. उपटा.

अण्णा पार्वताबाईंच्या शेतात गेले. त्यांच्या पस्तिसातली ही सगळ्यात नीटस शेती, मेलच्या ओळी दोरी धरल्यागत सरळ. अण्णांनीच जूनमध्ये पुढे उभं राहून लावून घेतल्या होत्या. पार्वताबाईंनी आदेश ऐकला. पदर खोचला आणि उपटायला लागल्या. दोन ओळी गेल्या, तिसरी अर्धी गेली, तेव्हा बंडीत मोबाईल वाजला.

अण्णा विहिरीच्या कठड्यावर चढून बसले, कारण रेंज तिथंच येते. मोठ्यानं वाचायला लागले.

"विषय... लॉट नंबर १७ च्या... मेलबाबत."

"त्येच हाय सकाळचं," एक बाई म्हणाली. "चला गं."

तो मेल त्या क्षणी आम्हा चौघांनाही आला होता. साहेब दुसऱ्या शेतात उन्हात उभे, काचेत त्यांना स्वतःचं तोंड. इम्रानभाईंनी टॅबवर विषय बघितला, सकाळचाच परत आला म्हणून पिशवीत ठेवला. आणि मी, पंख्याखाली बसलेली, पहिली ओळ वाचली आणि उत्तर पाठवलं: "नोंद घेतली."

अण्णा मात्र म्हणाले, "थांबा. पत्र शेवटाला नेल्याबिगर सोडायचं न्हाई."

चूक कबूल करायची असली की पत्र लांबतं. मॅडमनी आधी गुणवत्तेचं महत्त्व सांगितलं होतं, मग कंपनीची परंपरा, मग सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार. अण्णा एकेक शब्द फोडत होते, बोट सरकवत होते. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या. पार्वताबाईंच्या मुठीत झाड तसंच.

"सकाळच्या पत्रात... टंकलेखनाच्या चुकीने... ७१ ऐवजी... १७ असे पडले." अण्णा थांबले. आवाज बदलला. "तरी लॉट नंबर १७ चा... मेल कोणीही... उपटू..."

काच तिथं संपली. अण्णांनी बोट सरकवलं.

"...नये."

पार्वताबाई खाली बसल्या आणि हातातलं झाड परत मातीत रोवायला लागल्या. दुसऱ्या बायांनी त्यांना धरलं.

अण्णांनी मला फोन केला. "माय, त्यो मेल शेवटाला वाचलास का?" मी उघडला, खाली गेले, आणि मग माझंच उत्तर पुन्हा बघितलं. नोंद घेतली म्हणे! अण्णा पुढे एवढंच म्हणाले, "इम्रानभाईला तू सांग, साहेबांला बी सांग. मी माझ्या बाकीच्यांकडं निघालो." मग मोटरसायकलवर एकेक शेत. दुपारपर्यंत ते चौतीस ठिकाणी पोचले होते. मी इम्रानभाईंना गाठलं, तेव्हा त्यांच्या पहिल्या शेतात चार झाडं गेलेली. साहेबांपुढच्या शेतात अजून सुरुवात झाली नव्हती. सगळ्या तालुक्यात नुकसान काय, तर पार्वताबाईंच्या अडीच ओळी आणि ही चार झाडं.

पुढचं सांगून टाकते. गोडाऊनचा विषय पुन्हा निघाला नाही. साहेबांनी तो वळलेल्या काचेचा मोबाईल मुलीला देऊन टाकला आणि गुपचूप त्याच दुकानातून खालच्या कप्प्यातला एक घेऊन आले. इम्रानभाईंनीही घेतला. माझाही आता तोच आहे, पर्समध्ये मावत नाही, पण मावत नाही तर पर्स मोठी घेतली. दुकानदार तो आता वरच्या कप्प्यात ठेवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, हा अण्णांनी वाकून बघितलेला आहे. आणि अक्षरं आम्ही चौघांनीही होतील तेवढी मोठी करून ठेवली आहेत.

पण किस्सा तो नाही. किस्सा आहे त्या दिवशी दुपारी तीनचा.

जालन्यात मॅडमच्या ध्यानात आलं की दुसरा मेल पाठवून चार तास झाले, आणि मंठ्याहून एका "नोंद घेतली" शिवाय काहीच नाही.  त्यांनी सगळ्यांना एका ओळीचा मेल टाकला. सगळा मायना विसरून, फक्त तीन शब्द:

"मेल वाचला का?"

साहेब आणि इम्रानभाई तोवर ऑफिसात परतले होते. साहेब उत्तर जुळवत होते. इम्रानभाई माझ्याकडे बघत होते, मी साहेबांकडे. तेवढ्यात अण्णांचं उत्तर येऊन पडलं. पार्वताबाईंच्या शेतातून पाठवलेलं. मागाहून कळलं, बोलण्याआधी त्यांनी बायांना गप्प केलं होतं, बांधावरची शेळी लांब नेऊन बांधली होती, आणि बंडी डोक्यावरून घेतली होती.

"मॅडम नमस्कार. दोन्ही वाचले. आपला धोंडीराम."